जपानी बिडाचं मेणबत्ती स्टँड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळं, जाड अंगाचं, उचलल्यावर अंदाजापेक्षा जड लागणारं लोखंडी मेणबत्ती स्टँड. जपानला जाऊन आलेल्या कुणीतरी भेट दिलेलं असतं, नाहीतर फोटो बघून ऑनलाइन मागवलेलं असतं. घरात आलं की प्रश्न सुरू होतात. मधला खिळा कशासाठी? गंजेल का? धुवायचं की नाही? खोक्यावर लिहिलेली शेकडो वर्षांची परंपरा कितपत खरी? त्यांची उत्तरं इथे आहेत. पावसाळ्यात वाचत असाल तर गंजाचा भाग आधी वाचा, बाकीचं सवडीने.

हे काम नेमकं कुठलं?

जपानी ओतीव लोखंडाच्या घरगुती वस्तूंमध्ये सर्वांत मोठं नाव 'नांबू तेक्की' या कामाचं. ते होतं जपानच्या उत्तर भागातल्या इवाते प्रांतात, आणि तिथेही मुख्यतः दोन ठिकाणी: मोरिओका शहरात आणि मिझुसावात. मिझुसावा आता ओशू शहराचा भाग आहे.

दोन्ही गावांचा इतिहास वेगळा आहे. मोरिओकात नांबू घराण्याचं राज्य होतं. तिथल्या सरदारांनी १७व्या शतकात चहाच्या पाण्याची भांडी ओतणारे कारागीर बाहेरून बोलावून वसवले. क्योतोहून आलेलं कोइझुमी घराणं त्यातलं प्रसिद्ध. ते १६५९ मध्ये आल्याची नोंद सांगतात. मिझुसावाचं ओतकाम त्याहून बरंच जुनं. १२व्या शतकाच्या सुमारास फुजिवारा नो कियोहिरा या सत्ताधीशाने ओमी भागातून, म्हणजे आजच्या शिगा प्रांतातून, ओतारी आणले असं तिथे मानतात. मिझुसावा कधीच नांबूंच्या ताब्यात नव्हतं, ते सेंदाईच्या दाते घराण्याकडे होतं. तरी पुढे दोन्हीकडचा माल 'नांबू' याच नावाने विकला जाऊ लागला. १९७५ मध्ये जपान सरकारने पारंपरिक हस्तकलांची अधिकृत यादी करायला घेतली, तेव्हा पहिल्याच तुकडीत नांबू तेक्कीचा समावेश झाला.

म्हणजे माझं स्टँड चारशे वर्षांच्या परंपरेतलं आहे?

हात परंपरेतला आहे, वस्तू नाही. विक्रेते हे उघडपणे सांगत नाहीत, म्हणून इथे जरा सविस्तर.

इवातेच्या ओताऱ्यांचा खरा धंदा होता चहासाठी पाणी उकळण्याची भांडी, स्वयंपाकाची भांडी आणि देवळांतल्या घंटा. हातात धरून ओतता येईल अशी मुठीची आणि तोटीची किटली, जिला जपानीत 'तेत्सुबिन' म्हणतात, ती मोरिओकात १८व्या शतकात आकाराला आली आणि त्या गावाची ओळख झाली. मेणबत्ती स्टँड या यादीत ठळकपणे कुठेच नाही.

त्याचं कारण साधं आहे. त्या काळी मेणबत्ती ही गरिबाघरची वस्तू नव्हती. सामान्य घरात कागदी आवरणाचा तेलाचा दिवा जळायचा; त्यात सरसूच्या जातीच्या बियांचं तेल, आणि तेही परवडत नसेल तर माशाचं, वास सहन करत. मेणबत्ती इतकी महाग होती की एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, जळून ओघळलेलं मेण घरोघर फिरून विकत घेणारे लोक होते. ते मेण वितळवून पुन्हा मेणबत्त्या बनायच्या. जिथे मेणबत्ती जळायची तिथलं स्टँडही बहुधा ओतीव लोखंडाचं नसायचं. बौद्ध वेदीवरचं असेल तर पितळेचं किंवा काशाचं. श्रीमंताच्या घरातलं, सरायांतलं असेल तर अनेकदा लोहाराने ऐरणीवर ठोकून केलेलं: बारीक पाय, लांब दांडा, वर थाळी आणि खिळा. घडीव लोखंड बारीक करता येतं, वाकवता येतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाकत नाही, मोडतं.

मग ओताऱ्यांकडे हे काम आलं कसं? २०व्या शतकाने आणलं. दुसऱ्या महायुद्धात जपानमध्ये धातूची सक्तीने वसुली झाली. १९४१ च्या हुकुमाने देवळांच्या घंटा, घरातली भांडी, पुतळे सगळं गोळा होऊ लागलं. तोक्योतल्या शिबुया स्टेशनसमोरचा हाचिको कुत्र्याचा मूळ पुतळासुद्धा त्यात वितळला. आज दिसतो तो युद्धानंतरचा. इवातेतही घरगुती भांडी ओतणं जवळजवळ बंद पडलं. युद्ध संपलं तर समोर ॲल्युमिनियमची हलकी भांडी आणि पाठोपाठ गॅस, वीज. किटलीवर पोट भरेना. तेव्हा कारखान्यांनी हातातली कला नव्या वस्तूंकडे वळवली: राखदाण्या, पेपरवेट, वाऱ्यावर वाजणाऱ्या घंटा, आतून मुलामा दिलेल्या चहाच्या किटल्या. मेणबत्ती स्टँड याच रांगेतलं. घरात वीज आल्यावर मेणबत्ती शोभेची झाली, आणि शोभेच्या मेणबत्तीला शोभेचं स्टँड लागलं.

मला यात फसवणूक वाटत नाही. किटलीसाठी कमावलेलं कौशल्य, वाळूची जाण, काळ्या रंगाची रीत, हे सगळं या छोट्या वस्तूत खरोखर उतरलेलं असतं. पण खोक्यावरचा आकडा वाचून 'सामुराईच्या घरात असंच असायचं' असं पाहुण्यांना सांगू नका.

साचा कसा करतात? कोल्हापूरच्या फाउंड्रीत होतं तेच ना?

स्वस्त मालापुरतं, हो, बरंचसं तेच. शिरोली किंवा गोकुळ शिरगावला ज्यांनी काम पाहिलं आहे त्यांना मिझुसावाच्या कारखान्यात ओळखीचं खूप काही दिसेल. वाळू, चिकणमाती आणि पाणी यांचं ओलसर मिश्रण. त्यात पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना, दाबून केलेले वरचे-खालचे दोन अर्धे. वरून ओतलेला १४०० अंशांच्या आसपासचा रस. गार झाल्यावर साचा फोडून कास्टिंग बाहेर, मग फेटलिंग, म्हणजे कडांचं जास्तीचं लोखंड घासून काढणं. एक साचा एकदाच वापरायचा, वाळू मात्र पुन्हा पुन्हा. बाजारातली बहुतेक मेणबत्ती स्टँड याच पद्धतीची असतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी पद्धत भाजलेल्या साच्याची. महागड्या किटल्या तिने होतात, क्वचित एखादं स्टँडही. कारागीर आधी वस्तूच्या अर्ध्या छेदाची फळी कापतो. ती फळी मधल्या खुंटीभोवती गोल फिरवत फिरवत वाळू आणि मातीच्या काल्याला आतून आकार देतो. आधी जाड वाळू, मग बारीक, शेवटी चाळलेली अगदी पीठ वाळू. साचा ओला असतानाच आतल्या अंगावर नक्षी उमटवतो, मग तो वाळवून कोळशावर भाजतो. एका किटलीला दिवस नाही, आठवडे लागतात ते याच कामात.

किटली पोकळ असते, म्हणून तिच्या साच्यात पोकळीची जागा राखणारा गाभा लागतो, आणि गाभा जरा हलला की एका बाजूची भिंत पातळ येते. थाळीसारख्या उघड्या स्टँडला गाभाच लागत नाही. एकाच कारखान्यातली किटली आणि स्टँड यांच्या किमतीत एवढी तफावत का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. जाळीदार कंदिलासारखं स्टँड असेल तर मात्र गाभा आला, कटकट आली, किंमत वाढली.

अंगावर ओळीने उठलेले ते दाणे कसे काढतात?

त्या नक्षीचं नाव 'अरारे', म्हणजे गारा. नांबू कामाची ही सर्वांत ओळखीची खूण.

भाजलेल्या साच्यात ती अशी होते: साच्याच्या ओल्या आतल्या भिंतीवर आधी रेघा आखून घेतात, मग गोल टोकाच्या काडीने एकेक खळगा दाबतात. साच्यातला प्रत्येक खळगा म्हणजे वस्तूवरचा एक दाणा. किटलीच्या पोटाशी घेर मोठा, तोंडाशी लहान. म्हणून वर जाताना दाण्याचा आकार आणि दोन दाण्यांमधलं अंतर दोन्ही कमी करत न्यावं लागतं, आणि ओळ शेवटी जिथून सुरू झाली तिथेच येऊन जुळावी लागते. चूक खोडता येत नाही. हातकामाचा तुकडा जवळून बघितला तर दाण्यांच्या उंचीत अगदी सूक्ष्म फरक दिसतो, बोट फिरवलं की कळतो. पॅटर्नवरून छापलेल्या स्वस्त स्टँडवर सगळे दाणे एकसारखे येतात आणि साच्याच्या सांध्यापाशी एखादी ओळ चिरडलेली असते. भिंग असेल तर सांधा शोधा, बरंच काही समजेल.

हा काळा रंग कशाचा? विषारी तर नाही?

तीन शक्यता आहेत. सर्वांत साधी म्हणजे उष्णता सहन करणारा तयार पेंट. बहुतेक स्टँडवर हाच असतो आणि मेणबत्तीसाठी तो पुरतो.

दुसरी भाजण्याची. चांगल्या किटल्या ओतून झाल्यावर कोळशाच्या भट्टीत सुमारे ८०० ते १००० अंशांपर्यंत लाल होईस्तोवर तापवतात. लोखंडाच्या अंगावर काळसर-करड्या ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो. लाल गंजाला अडवायचं काम तो करतो.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत देखणी, उरुशीची. उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. इवातेच्याच उत्तरेला जोबोजी नावाचा भाग आहे. जपानमध्ये आज निघणाऱ्या उरुशीचा मोठा वाटा तिथला. तापवलेल्या लोखंडावर हा चीक ब्रशने लावतात, तो तिथेच भाजून धरतो. त्यावर लोखंड आणि व्हिनेगरसारखं आम्ल यांपासून केलेलं द्रावण चहाच्या काढ्यात मिसळून फिरवतात. काळ्यात किंचित तपकिरी झाक येते ती त्याची. या द्रावणाचं नाव 'ओहागुरो', आणि याच द्रावणाने जुन्या काळी जपानी बायका दात काळे करायच्या. आपल्याकडे आजीच्या पिढीपर्यंत दातवण होतंच, तेव्हा यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

विषाबद्दल: उरुशीचं झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं. कच्चा चीक अंगाला लागला तर बिब्बा उतल्यासारखी अंगावर लाली आणि खाज उठते. कारागिरांना हे ठाऊक असतं. भाजून पक्का झालेला थर मात्र निरुपद्रवी असतो. जपानमध्ये जेवणाचे वाडगे त्याच उरुशीने रंगवतात.

मधोमध टोकदार खिळा का? मेणबत्ती बसवायला खळगा का नाही?

कारण तो जपानी मेणबत्तीसाठी आहे. तिची वात आतून पोकळ असते. खालून बघितलं तर बुडाशी भोक दिसतं, ते थेट खिळ्यावर सरकवायचं. मेण वितळवून चिकटवण्याची भानगड नाही, आणि मेणबत्ती सरळ उभी राहते.

खळग्याची स्टँडही मिळतात. ती पाश्चात्त्य पद्धतीच्या बारीक, उंच मेणबत्त्यांसाठी किंवा पत्र्याच्या वाटीतल्या टी-लाइटसाठी. निर्यातीच्या मालात हीच जास्त. काही स्टँडमध्ये खळगा आणि त्याच्या तळाशी छोटा खिळा असं दोन्ही असतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने तसलंच घ्यावं.

जपानी मेणबत्ती आपल्या मेणबत्तीहून वेगळी कशी?

जवळजवळ सगळ्याच बाबतीत.

मेण: आपली साधी मेणबत्ती पॅराफिनची, म्हणजे पेट्रोलियमपासून निघालेली. जपानी पारंपरिक मेणबत्तीचं मेण झाडाच्या फळांचं. 'हाझे' नावाचं झाड, पुन्हा आंबा-बिब्ब्याच्याच कुळातलं. त्याची छोटी फळं कुटून, वाफवून, दाबून मेण काढतात. १७व्या-१८व्या शतकांत पश्चिम जपानमधल्या अनेक संस्थानांनी महसुलासाठी ही झाडं मुद्दाम लावून घेतली. शिकोकू बेटावरचं उचिको गाव या मेणाच्या व्यापारावर श्रीमंत झालं. व्यापाऱ्यांची जुनी घरं तिथे आजही उभी आहेत. आता तांदळाच्या कोंड्याच्या मेणाच्या मेणबत्त्याही होतात.

वात: हाताने केलेल्या जपानी कागदाची नळी, तिच्यावर एका पाणगवताचा स्पंजासारखा हलका गाभा फीत गुंडाळावी तसा गुंडाळतात, आणि तो सुटू नये म्हणून वरून रेशमाचा विरळ पापुद्रा.

घडण: हातकामात वात काठीवर चढवतात आणि कोमट, पातळ मेण तळहाताने तिच्यावर चोळत थरावर थर देतात. वाळलं की पुढचा थर. अशी मेणबत्ती आडवी कापली तर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. काही मेणबत्त्या सरळसोट असतात, काही वरच्या टोकाकडे रुंद होत जातात. आकार मोजतात 'मोन्मे' या जुन्या वजनात. एक मोन्मे म्हणजे ३.७५ ग्रॅम. फुकुशिमातल्या आइझू भागात अशा मेणबत्त्यांवर फुलं रंगवतात. हिवाळ्यात तिथे बर्फ, वेदीवर वाहायला ताजी फुलं मिळायची नाहीत, म्हणून रंगवलेली.

ज्योत: इथेच खरा फरक. पोकळ वातीतून खालची हवा वर चढत राहते, त्यामुळे ज्योत मोठी, उंच असते आणि वारा नसतानाही हलते. लांबते, आखडते, मध्येच टोक झुकवते. पॅराफिनच्या ज्योतीसारखी ती स्थिर बसत नाही. हिवाळ्यातल्या रात्रीच्या चहासमारंभात मुद्दाम याच उजेडात बसतात, आणि तिथे खोलीभर सावल्या हलत असतात.

ती वात मध्ये मध्ये कापावी लागते असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. कापसाच्या विणलेल्या वातीचा शोध १९व्या शतकात युरोपात लागला. ती जळताना बाजूला वाकते, टोक ज्योतीच्या बाहेरच्या तापलेल्या कडेत येतं आणि आपोआप जळून राख होतं. म्हणून आपल्याला मेणबत्तीची वात कापायची सवयच नाही. जपानी वात वाकत नाही, ती सरळ उभी राहून कोळसा होत जाते. कोळसा वाढला की ज्योत वाढते, मेण भराभर वितळतं आणि ओघळतं. म्हणून ज्योत नेहमीपेक्षा उंच दिसू लागली की चिमट्याने वातीचं जळकं टोक धरून मोडायचं आणि छोट्या धातूच्या वाटीत टाकायचं. कागदी बशीत नको, ते टोक अजून धगधगत असतं.

विझवताना फुंकू नका. वितळलेलं मेण उडतं. टोपी असेल तर टोपी ठेवा, नसेल तर स्टीलची छोटी वाटी उपडी धरा.

खिळ्याच्या स्टँडवर आपली बाजारातली मेणबत्ती बसेल का?

तशीच दाबली तर चिरते. पॅराफिन गार असताना ठिसूळ असतं. आधी मेणबत्तीचं बूड दोन-तीन मिनिटं गरम पाण्यात धरा, पुसा, मग हळूहळू फिरवत खिळ्यावर बसवा. खिळा तापवूनही जमतं, पण बोटं भाजतात. जाड मेणबत्ती असेल तर बारीक ड्रिलने बुडाला भोक पाडणं सर्वांत स्वच्छ. वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्या विसरा.

लोखंड पितळेपेक्षा जड असतं का?

उलट आहे. पितळ सुमारे ८.५ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, बीड साधारण ७.२. तरीही हे स्टँड तुमच्या समईच्या थाळीपेक्षा जड लागतं, कारण बिडाची भिंत जाड ओतावी लागते. फार पातळ केली तर रस साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत गोठतो. शंभर घन सेंटीमीटर बीड म्हणजे पाऊण किलोला जरासं कमी. तळहाताएवढ्या स्टँडला एवढं वजन असणं चांगलंच. मांजराच्या शेपटीने ते कलंडत नाही.

हातातून पडलं तर?

फुटू शकतं. बिडात कार्बन तीन-चार टक्के, आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला. धक्का बसला की त्या पापुद्र्यांच्या रेषेने चीर जाते. लाद्यांच्या फरशीवर पडलं तर एकतर स्टँडचा पाय जातो, नाहीतर फरशी. तुटलेला पाय गल्लीतल्या वेल्डरकडे देऊ नका. बीड वेल्ड करायला वेगळी कांडी आणि आधी तापवणं लागतं, ते न करता जोडलं की शेजारी नवी चीर पडते. शोभेपुरतं चालणार असेल तर इपॉक्सीने चिकटवा आणि त्यावर मेणबत्ती लावणं बंद करा.

गंजतं का? आम्ही रत्नागिरीला राहतो.

गंजतं. कोकणात, मुंबईत, गोव्यात तर खात्रीने, कारण हवेत दमटपणा आणि मीठ दोन्ही.

तरी घाबरण्यासारखं नाही. ओतलेल्या लोखंडाच्या अंगावर साच्यातून येतानाच एक कठीण कातडी आलेली असते. तिच्यावर रंगाचा किंवा उरुशीचा थर. जोवर हे दोन्ही शाबूत आहेत तोवर गंज शिरत नाही. तो शिरतो तीन जागांमधून: खिळ्याचं टोक, जिथे रंग घासून गेला आहे, बूड, जे ग्राइंडरने सपाट केलेलं असतं, आणि मेण खरवडताना तुम्ही स्वतः सुरीने पाडलेले ओरखडे. तेवढ्या तीन जागा सांभाळा, बाकीच्याची काळजी नको.

उपाय घरातच आहे. जून उजाडायच्या आधी स्टँड हेअर ड्रायरने कोमट करा आणि साध्या पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा खिळ्यावर आणि बुडावर चोळा. मेण पातळ पसरेल. जुन्या धोतराच्या फडक्याने जास्तीचं पुसून घ्या. मधमाशांचं मेण मिळालं तर अधिक चांगलं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावू नका. ते वाळत नाही, चिकट राहतं, धूळ धरतं आणि महिन्याभरात खवट वास मारतं. तेलच लावायचं असेल तर जवसाचं, अगदी नावापुरतं, कारण ते वाळून पापुद्रा धरतं.

पाण्याने धुणं टाळा. भांड्यांबरोबर घासायला तर अजिबात टाकू नका. घरकामाच्या मावशींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर चांगल्या मनाने तारेच्या घासणीने लख्ख करून मिळेल. आणि संगमरवरावर किंवा पांढऱ्या ग्रॅनाइटवर थेट ठेवू नका. बुडाला गंज सुटला तर दगडात तांबडं वर्तुळ उतरतं आणि ते निघत नाही. खाली कॉर्कची चकती ठेवा.

गंज चढलाच आहे. आता?

सुटा लाल गंज कोरड्या नारळाच्या काथ्याने झाडा. नंतर चहा. साधी चहा पावडर भरपूर घालून, दूध-साखरेशिवाय, काळाकुट्ट उकळा. त्यात भिजवलेलं फडकं गंजलेल्या जागी दाबून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग पुसून लगेच मंद उष्णतेवर वाळवा. दोन-तीनदा करा. चहातलं टॅनिन आणि लोखंड यांचं काळं संयुग तयार होतं आणि तांबडा डाग काळा पडतो. किटलीच्या आतला गंज आवरायला जपानी लोक पाण्यात चहाची पानं उकळतात, त्यामागे हेच रसायन आहे. शेवटी वर सांगितल्याप्रमाणे मेण.

स्टँड रंगीत पेंटचं असेल आणि रंगाखालून गंज फुगला असेल तर चहा उपयोगाचा नाही. तिथे रंग खरवडून नव्याने उष्णतारोधक काळा स्प्रे मारणं हाच मार्ग.

सांडलेलं मेण कसं काढू? फ्रीजरमध्ये ठेवायचं असं व्हिडिओत पाहिलं.

काचेसाठी ठीक, बिडासाठी नको. फ्रीजरमधून बाहेर काढलं की आपल्या हवेत मिनिटभरात त्यावर दव धरतं, आणि ते नेमकं खिळ्याच्या मुळाशी साचतं. हेअर ड्रायरने मेण मऊ करा, लाकडी काडीने ढकला, फडक्याने पुसा. उरलेला पातळ थर राहू द्या, तो गंजापासून राखण करतो.

अस्सल नांबू कसं ओळखावं?

आधी लोहचुंबक. काळा पेंट मारलेलं ॲल्युमिनियम किंवा जस्ताचं कास्टिंग चुंबकाला दाद देत नाही. चिकटलं तर निदान लोखंड आहे. मग वेल्डिंगचे डाग शोधा. सापडले तर ते पत्र्याचं किंवा सळईचं काम, ओतीव नव्हे. बूड बघा: ओतीव वस्तूच्या न घासलेल्या भागावर वाळूचा बारीक रवा दिसतो.

पण ओतीव आहे म्हणजे इवातेचं आहे असं होत नाही. 'नांबू शैली' म्हणून दुसऱ्या देशांत ओतलेला भरपूर माल विकला जातो, आणि त्यातला काही दिसायला वाईट नसतो. कारखान्याचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे का ते पाहा. मोरिओकाची इवाचू किंवा मिझुसावाची १८५२ पासूनची ओइगेन अशी नावं खोक्यावर स्पष्ट छापलेली असतात. सरकारी पारंपरिक हस्तकलेचं चिन्ह ठरलेल्या साहित्याने आणि ठरलेल्या पद्धतीने केलेल्या वस्तूंनाच मिळतं, त्यामुळे ते साध्या स्टँडवर नसलं तर लगेच नकली समजू नका.

जपानमध्ये फक्त इवातेतच हे काम होतं का?

नाही. यामागाता शहराचं ओतकाम जुनं आणि नाजूक, पातळ अंगासाठी नावाजलेलं. तोक्योशेजारचं कावागुची हे तर फाउंड्र्यांचंच गाव होतं. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकची मोठी ज्योतकुंडी तिथे ओतली. तोयामा प्रांतातलं ताकाओका १६११ पासूनचं, पण त्याचं नाव पितळ आणि काशासाठी. वेदीवरची पितळी स्टँड पाहिलीत तर ती ताकाओकाची असण्याची शक्यता मोठी.

देवघरात ठेवलं तर चालेल का? तेलवात लावता येईल?

आपल्याकडे पूजेत लोखंड न वापरण्याची रीत बऱ्याच घरांत आहे. तुमच्या घरात असेल तर दिवाणखान्यात ठेवा. जपानी वेदीवरही मान पितळेलाच. तेलवात थेट लावू नका, तेलाचा चिकट थर बसतो तो निघत नाही. स्टँडच्या थाळीत मातीची पणती ठेवली तर छान दिसते, खिळा नसलेलं स्टँड असेल तर.

पंख्याखाली चालेल का?

नाही. जपानी ज्योत मुळातच हलते, वर पंखा असला की मेण एका बाजूने धारेने ओघळतं. पडद्यांपासून हातभर लांब, आणि जाळीदार कंदिलात एका वेळी एकच टी-लाइट. दोन लावले तर आतली उष्णता इतकी वाढते की वाटीतलं मेण पेट घेऊ शकतं.

जपानहून आणताना विमानात अडवतील का?

खिळ्याचं स्टँड हातातल्या बॅगेत नेऊ नका. टोकदार आणि जड, दोन्ही कारणांनी सुरक्षा तपासणीत काढून ठेवतील. चेक-इन बॅगेत, खिळ्याला बाटलीचं बूच खोचून, कपड्यांच्या मधोमध. वजनाचा हिशेब आधी करा. मोरिओका आणि मिझुसावा-एसाशी ही दोन्ही स्टेशनं तोहोकु शिन्कान्सेनवर, म्हणजे बुलेट ट्रेनच्या मार्गावर आहेत, तोक्योहून दोन तास आणि वर थोडं. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. उन्हाळ्यात गेलात तर जुन्या मिझुसावा स्टेशनात टांगलेल्या नांबू घंटांचा आवाज ऐका. जपान सरकारच्या पर्यावरण खात्याने १९९६ मध्ये जपून ठेवण्याजोग्या शंभर आवाजांची यादी केली, त्यात तो आहे.

पहिलंच घ्यायचं आहे. कोणतं घेऊ?

बुटकं, रुंद थाळीचं, रंगीत नसलेलं. उंच दांड्याचं फोटोत चांगलं दिसतं, पण त्याचा बारीक भाग हाच पहिला मोडतो. थाळी मेणबत्तीच्या जाडीच्या निदान तिप्पट रुंद हवी, म्हणजे ओघळ टेबलावर जात नाही. खिळा हलवून बघा; तो वेगळा बसवलेला असेल आणि डुगडुगत असेल तर परत ठेवा. टी-लाइटची वाटी साधारण चार सेंटीमीटर व्यासाची असते, तेव्हा खळगा त्याहून किंचित मोठा आहे ना ते दुकानातच घालून पाहा. आणि स्टँडबरोबर चार-सहा खऱ्या जपानी मेणबत्त्या घ्या. त्या आपल्याकडे सहज मिळत नाहीत आणि पोस्टाने मागवल्या तर उन्हाळ्यात वाटेतच वाकतात.